‘कम्फर्ट’ : बळ देण्यापासून आरामापर्यंत

आज एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलायचं आहे : ‘कम्फर्ट’. कोशात अर्थ मिळतो, सांत्वन करणे. तो बरोबरच आहे, पण तो या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे.

लॅटिनमध्ये ‘फोर्टिस’ म्हणजे बळकट. त्यापासून ‘कॉन्फोर्तारे’, म्हणजे बळ देणं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणारं एक लांबच लांब भरतकाम आहे, बायोचा चित्रपट म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो, घोड्यावर बसून हातातला सोटा उगारतो आहे. वर लॅटिन ओळ आहे, तिचा आशय असा की ओडो तरुण सैनिकांना ‘कॉन्फोर्तात’ करतो आहे. आता बघा, सोटा घेऊन कुणी सांत्वन करतं का? तो त्यांना धीर देतोय, लढायला उभं करतोय.

फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तो हेच बळ घेऊन. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलमध्ये मूर्ती हलू नये म्हणून खिळे ठोकून पक्की करतात, तिथेही क्रियापद ‘कम्फर्ट’च! इंग्लंडच्या १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात राजाच्या शत्रूला मदत आणि ‘कम्फर्ट’ देणं हा गुन्हा ठरला. १७८७ मध्ये अमेरिकेच्या संविधानातही तो शब्द आला. शत्रूचे अश्रू पुसणं हा काही राजद्रोह नाही. त्याला बळ पुरवणं, हा आहे.

पुढे अर्थ मवाळ होत गेला. आधी दुःखिताचं मन सावरणं, मग हळूहळू देहाची सुखसोय. आज आपणही मराठीत ‘कम्फर्टेबल आहेस ना?’ विचारतो ते खुर्चीबद्दल, नाहीतर संकोचाबद्दल.

‘कन्सोल’ हे त्याचं भावंड. आजच्या वापरात रडणाऱ्या मुलाला जवळ घेणं, थोपटणं, हे ‘कम्फर्ट’. मोठी हानी किंवा पराभव झालेल्याला समजावणं, हे बहुधा ‘कन्सोल’. पण समजावायचं म्हणजे काय करायचं? सहाव्या शतकात बोएथियस देहदंडाची वाट पाहत कैदेत होता. तिथे त्याने ‘तत्त्वज्ञानाचं सांत्वन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वज्ञान स्त्रीरूपात येतं आणि आल्याआल्या त्याच्या रडण्याला साथ देणाऱ्या काव्यदेवतांना हाकलून देतं. मग त्याच्याशी वाद घालतं, प्रश्न विचारतं. नाव सांत्वनाचं, पण काम बळ देण्याचं!

मराठीत आपल्याकडे दोन्ही शब्द आहेत, ‘सांत्वन करणं’ आणि ‘धीर देणं’. ‘कम्फर्ट’चा हरवलेला अर्थ ‘धीर देणं’मध्ये शाबूत आहे. इंग्रजीतलं ‘कन्सोलेशन प्राइझ’ आपण ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ केलं. इंग्रजी म्हणतं, हरलास, वाईट वाटून घेऊ नकोस. मराठी म्हणतं, पुन्हा ये!

समाचाराला गेल्यावर आपण पटकन म्हणतो, ‘रडू नका’. ते बऱ्याचदा आपल्यालाच अवघड वाटत असतं म्हणून. आपण उठून गेल्यावर त्या माणसाला एकट्याने रात्र काढायची असते. तेवढं बळ त्याच्यापाशी राहील असं काही आपण बोललो का, किंवा नुसते बसून राहिलो का, हा खरा प्रश्न. जुना ‘कम्फर्ट’ एवढंच विचारत होता.