ठिपक्यांतून उमटणारी देवनागरी

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर ही सावित्रीच्या खोऱ्यातील शेजारची गावे. त्यांची नावे हाताने लिहिताना एक सोपे आणि दुसरे अवघड असे कोणास वाटणार नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मात्र 'महाड' उमटविणे तुलनेने सोपे आणि 'पोलादपूर' उमटविणे कठीण होते. याचे कारण प्रिंटरच्या रचनेत आणि देवनागरीच्या घडणीत आहे. या प्रिंटरच्या स्मृतीत सर्वसाधारणपणे रोमन अक्षरांचेच साचे असत. रोमन अक्षर हा त्याच्या लेखी मजकूर होता, तर मराठी अक्षर हे चित्र. त्यामुळे डॉट मॅट्रिक्सवर चित्रे काढण्याचे तंत्र इतरत्र हौसेचा भाग असले, तरी मराठीसाठी ती प्राथमिक गरज ठरली.

पिना आणि बेरीज

एप्सन कंपनीचा एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० मध्ये बाजारात आला. त्याच्या आणि त्यापुढील प्रिंटरांच्या आज्ञांची पद्धत पुढे 'ईएससी/पी' या नावाने रूढ झाली आणि इतर उत्पादकांनीही ती स्वीकारली. या प्रिंटरच्या शीर्षात नऊ बारीक पिना एकाखाली एक बसविलेल्या असतात. दोन पिनांमधील अंतर १/७२ इंच. शीर्ष आडवे सरकत असताना हव्या त्या पिना शाईच्या फितीवर आघात करतात आणि कागदावर ठिपके उमटतात.

चित्र काढताना सामान्यतः आठ पिना वापरल्या जातात, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. सर्वांत वरच्या पिनेचे मूल्य १२८, तिच्या खालची ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटची १. ज्या पिना उमटवायच्या त्यांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे त्या उभ्या स्तंभाचा आकडा. काना काढायचा झाल्यास १२८, १२८, २५५, १२८ असे चार आकडे पुरतात. १२८ ने शिरोरेषेचा ठिपका पडतो आणि २५५ ने पूर्ण उभी रेघ.

हे आकडे पाठविण्यापूर्वी प्रिंटरला सूचना द्यावी लागते. २७ आणि ७५ या दोन संकेतांनंतर स्तंभांची संख्या दोन बाइटांत सांगायची. इंचाला ६० ठिपके या घनतेने आठ इंचांच्या ओळीत ४८० स्तंभ बसतात. ४८० म्हणजे एकदा २५६ आणि वर २२४, म्हणून संकेत होतो २७, ७५, २२४, १. ही संख्या चुकली तर गोंधळ उडतो. स्तंभ कमी पाठविले, तर प्रिंटर उरलेल्यांची वाट पाहतो आणि पुढचा मजकूरही चित्र समजून ठिपक्यांत छापतो.

दोन नावांतील फरक

'महाड' या नावातील सर्व आकार शिरोरेषेच्या खाली सामावतात. 'पोलादपूर'मध्ये मात्र ओकाराची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते आणि दीर्घ ऊकार अक्षराच्या खाली उतरतो. आठ ठिपक्यांच्या उंचीत वरची मात्रा, शिरोरेषा, मूळ अक्षर आणि खालचा उकार हे सारे बसविले, तर मूळ अक्षरासाठी तीन-चारच ठिपके उरतात. तेवढ्यात 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतील भेद टिकत नाही. मोरे आणि भोरे ही दोन वेगळी आडनावे आहेत. बिलावर किंवा दाखल्यावर एका ठिपक्याने एकाचे दुसरे झाले, तर त्याचा त्रास कागदाच्या मालकाला होतो.

यावर उपाय म्हणजे एकच ओळ दोन पट्ट्यांत छापणे. आधी वरचे आठ ठिपके, मग कागद सरकवून खालचे आठ. नेहमीचे ओळींतील अंतर १/६ इंच असते. तसेच ठेवले तर दोन पट्ट्यांमध्ये चार ठिपक्यांची पांढरी फट राहते. म्हणून २७, ५१, २४ हा संकेत देऊन कागद २४/२१६ इंच, म्हणजे नेमका आठ ठिपके, सरकवावा लागतो. शीर्ष जाताना आणि येताना अशा दोन्ही दिशांनी छापत असेल, तर वरचा आणि खालचा काना किंचित सरकलेला दिसतो. २७, ८५, १ या संकेताने छपाई एकाच दिशेने होते. काने जुळतात, वेळ मात्र वाढतो.

शिरोरेषेचीही स्वतंत्र अडचण आहे. इंचाला १२० ठिपक्यांच्या एका जलद प्रकारात लागोपाठचे दोन आडवे ठिपके उमटतच नाहीत, कारण पिनेला मागे येण्यास तेवढा अवधी मिळत नाही. रोमन अक्षरांना हे चालून जाते. देवनागरीची शिरोरेषा मात्र सलग आडव्या ठिपक्यांचीच असल्याने ती तुटक होते. त्यासाठी निम्म्या वेगाचा प्रकार निवडावा लागतो.

वेग मंदावण्याचे कारण हिशेबातही दिसते. ८० स्तंभ आणि ६६ ओळींचे पान रोमन मजकुराने भरले, तर ५,२८० बाइट पुरतात. तेच पान साध्या घनतेच्या चित्रात पाठविण्यास ४७,५२० बाइट लागतात, म्हणजे नऊपट.

जिस्ट आणि त्यानंतर

ठिपके जुळले तरी लिपीचे व्याकरण उरतेच. महाड तालुक्यातील 'शिवथर' या नावात इकार उच्चारात 'श'नंतर येतो, पण काढला जातो आधी. 'सावित्री'त जोडाक्षर आहे. प्रत्येक आज्ञावलीने हे नियम स्वतंत्रपणे लिहिणे व्यवहार्य नव्हते. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरील अनेक तयार आज्ञावल्यांत भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या. अक्षरांच्या संकेतांचे 'इस्की' हे प्रमाणही १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. २४ पिनांच्या प्रिंटरमध्ये ठिपक्यांतील अंतर १/१८० इंचावर आले. तेथे प्रत्येक स्तंभास तीन बाइट लागतात, पण मात्रेपासून उकारापर्यंतचे अक्षर एकाच फेरीत छापता येते.

विंडोज आल्यावर हे काम प्रिंटरच्या चालक-आज्ञावलीकडे गेले. आज युनिकोडमधील मराठी मजकूर डॉट मॅट्रिक्सवर पाठविला, तरी संगणक बहुधा त्याचे चित्रच तयार करून देतो. कार्बन प्रतींसह पावती हवी असेल तेथे आघात करणाऱ्या या प्रिंटरला अजूनही मागणी आहे. दुकानांतील अनेक लहान थर्मल प्रिंटर एप्सनच्याच आज्ञांच्या पुढील रूपावर चालतात आणि त्यांतील कित्येकांच्या स्मृतीत देवनागरी नसते. त्यांच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यास मराठी अक्षर चित्र म्हणूनच पाठवावे लागते. म्हणूनच अशी आज्ञावली तपासताना 'महाड' छापून थांबू नये. वरची मात्रा आणि खालचा उकार शाबूत राहतो का, हे 'पोलादपूर' छापल्यावरच कळते.