वर्गातला बोलपट



काही वर्षांपूर्वी मी इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. शिवकालावरच्या प्रश्नात एका मुलाने लिहिले होते की, तुकारामांच्या कीर्तनात महाराजांना धरायला शत्रूचे शिपाई आले, तेव्हा समोरचा जो तो त्यांना शिवाजीच दिसू लागला. त्याला बोलावून विचारले, "अरे, हे कुठं वाचलंस?" तो म्हणाला, "वाचलं नाही सर, पाहिलंय!"

त्याने पाहिला होता १९३६ सालचा 'प्रभात'चा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलालांचा हा बोलपट खरोखर अप्रतिम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण आख्यायिका कोणती आणि घडलेली गोष्ट कोणती, हे पडदा सांगत नाही. ते शिक्षकानेच सांगावे लागते.

मग वर्गात बोलपट दाखवूच नयेत की काय? छे! जरूर दाखवा. मात्र निवडताना एक ध्यानात ठेवा. प्रत्येक बोलपटात दोन काळ असतात : ज्या काळाची गोष्ट आहे तो, आणि ज्या काळात ती सांगितली तो. पुष्कळदा या दुसऱ्या काळाची साक्षच अधिक भरवशाची असते.

व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' घ्या. त्यात ना राजा, ना लढाई. एका गावात जिवबा आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी. धरण बांधू पाहणारा ठेकेदार त्यांच्यात वितुष्ट पाडतो. शेवटी धरण फुटते, आणि दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात.

आता फळ्यावर तीन साले लिहा. १९४० : लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव. १९४१ : 'शेजारी'. १९४७ : फाळणी. आणि मुलांना विचारा, ही गोष्ट नेमकी तेव्हाच का सांगावीशी वाटली? सगळे खापर एका ठेकेदाराच्या माथी फोडले, म्हणजे फुटीचा उलगडा होतो का? बघा, वर्ग कसा बोलू लागतो ते! जो बोलपट पाहून मुले नुसती टाळ्या वाजवतात, तो करमणुकीला ठेवा. जो पाहून ती प्रश्न विचारतात, तो वर्गात आणा.

त्या मुलाच्या उत्तराला मी गुण दिले नाहीत. आज वाटते, निम्मा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा होता. "पाहिलंय" म्हणणाऱ्याला "कुणी दाखवलं, केव्हा, आणि कशासाठी?" हे विचारायला आम्ही शिकवलेच नव्हते.