कालापाती

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यातल्या जुन्या लाकडी होड्या पाहून वाटतं, गळती तळातून लागत असणार. पण डेकची फट जास्त वाईट! तळाच्या फळ्या समुद्रात भिजून फुगतात, सांधे आवळतात. डेक उन्हात तापतो, फळ्या आकसतात आणि फटीतून पावसाचं गोडं पाणी झिरपतं. लाकूड कुजतं ते त्यानेच; खारं पाणी बिचारं बरं.

जुना उपाय म्हणजे फट खरवडून कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकायची, वर राळ आणि तेल. जास्तही ठोकायची नाही, नाहीतर भिजून फुगलेली फळी उचकटते.

खलाशांच्या हिंदुस्तानीत याला 'कालापाती' म्हणत. १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन कोश तो शब्द पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आल्याचं सांगतो. मराठ्यांनी १७३९ मध्ये तारापूर आणि वसई घेतली; पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. हे काम मात्र त्यांनीच शिकवलं, असं मला वाटत नाही. सुरत-मुंबईचे कारागीर फळ्यांच्या कडा एकमेकींत खाचेने बसवून मधे कापूस घालत. मुंबई गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. असो.

आता डेकवर सरळ फायबर थापता येतं. दिसायला चकाचक, पण खालचं लाकूड ओलं असेल तर ओल आतच कोंडते. आधी ते कोरडं हवं. आणि सातपाटीच्या होड्यांना सलग सवड मिळते ती जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, ऐन पावसात!