सुटकेनंतरचा हिशेब

प्रसूतीला आपल्याकडे ‘सुटका’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु गर्भारपणात जिच्या रक्तात साखर वाढली, त्या स्त्रीची ही सुटका कितपत खरी, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला.

१८२४ साली बर्लिन येथे हाइन्रिख बेनेविट्झ याने आपल्या प्रबंधात बावीस वर्षांच्या एका बाईची हकीकत नमूद केली. पाचव्या खेपेच्या गर्भारपणात तिची तहान भागेना. लघवीतून साखर जाऊ लागली. मूल बारा पौंडांचे निघाले आणि जन्मतानाच दगावले. पुढे आईची साखर नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर वैद्यकाचे कुतूहलही संपले.

ते पुन्हा जागे झाले बॉस्टन शहरात. जॉन ओ’सलिव्हन या डॉक्टराने ७५२ गर्भवतींना साखरेचे पाणी पाजून तीन तासपर्यंत त्यांचे रक्त तपासले आणि क्लेअर माहान या संख्याशास्त्रज्ञ बाईंच्या साहाय्याने १९६४ साली साखरेच्या मर्यादा ठरविल्या. या मर्यादा बाळाच्या अपायावरून पारखलेल्या नव्हत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या ओलांडणाऱ्या स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेह किती होतो, हीच त्यांची कसोटी होती. म्हणजे ही तपासणी मुळात आईच्या भवितव्यासाठी जन्मास आली.

याचे कारण सोपे आहे. वारेतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि स्वादुपिंडास अधिक काम पडते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला हा भार पेलत नाही, तिची साखर वाढते. वार पडताच भार उतरतो. दुबळेपणा मात्र राहतो. असा मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो, असे २००९ साली अनेक अभ्यास एकत्र पडताळून दिसून आले.

आपल्या देशातील दाखला याहून बोलका आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ मध्ये तपासलेल्या गर्भवतींना पाच वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा गर्भारपणात मधुमेह झालेल्यांपैकी ३७ टक्के स्त्रिया मधुमेही झाल्या होत्या. इतरांत हे प्रमाण २ टक्के होते. ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते त्यांच्यातही मधुमेह अधिक आढळला. तो या उणिवेमुळेच होतो, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि मुले यांचा जो अभ्यास चालविला, त्यातही ब-१२ ची उणीव पुष्कळ मातांत दिसली. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींपासूनच शोध आरंभिला आहे. आई होण्यापूर्वीचे शरीर पाहावे, हा त्यामागील विचार.

सरकारी नियमानुसार गर्भवतीस ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा अधिक भरली तर तो गर्भारपणातील मधुमेह. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. परंतु आपली रीत कशी, पाहा. लेक बाळंतपणाला माहेरी येते. बारसे होते, डिंकाचे लाडू होतात, सगळ्यांची नजर पाळण्याकडे वळते. पुढे ती मुंबईला किंवा सासरच्या गावी जाते आणि तपासणीचा कागद माहेरच्या कपाटात राहतो. साखर उतरली, आता काय त्याचे, असे घरचे म्हणतात. बेनेविट्झच्या काळीही हेच घडले होते.

तेव्हा ओटी भरून लेकीची पाठवणी करताना तो कागद तिच्या हाती द्यावा आणि सहाव्या आठवड्याची तपासणी झाली का, हे विचारावे. त्यानंतरही वेळोवेळी रक्त तपासले, चालणे-फिरणे ठेवले, वजन आवरले, तर पुष्कळ जणींचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. बाळाच्या लसींच्या तारखा आपण विसरत नाही. त्याच्या आईची एक तारीख लक्षात ठेवणे कठीण नाही.