विजय दिन, सोव्हिएट
दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीवर मिळविलेल्या विजयाचा सोव्हिएट संघातील स्मृतिदिन (९ मे). १९४५ मध्ये जाहीर केलेली या दिवसाची सुटी स्टालिनच्या शासनाने डिसेंबर १९४७ मध्ये रद्द केली. रणांगण पाहिलेल्या सैनिकांच्या स्वतंत्र आठवणी त्यास अडचणीच्या वाटत असाव्यात. युद्धातील मृतांची संख्याही स्टालिनने १९४६ मध्ये सुमारे ७० लाख सांगितली. ती क्रुश्चॉव्हच्या काळात दोन कोटींवर गेली आणि १९९० मध्ये गोर्बाचेव्हने सुमारे २ कोटी ७० लाख असल्याचे मान्य केले. क्रांतीची मोहिनी ओसरू लागल्यावर ब्रेझन्येव्हच्या राजवटीने १९६५ मध्ये सुटी पुन्हा दिली, मॉस्कोच्या तांबड्या चौकात संचलन घडविले व त्याच वर्षापासून नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून मृतांसाठी मौन पाळण्याचा कार्यक्रम सुरू केला. असंख्य घरांतून माणसे गेलेली असल्याने हा शोक अस्सल होता. शासनाने त्यास आपल्या सत्तेचा आधार बनविले. १९७८ मधील ब्रेझन्येव्हच्या युद्धविषयक आठवणींत नोव्होरोसीस्कजवळच्या एका दुय्यम लढाईस अवास्तव महत्त्व देण्यात आले. प्रचारमाध्यमांनी तिचा गौरव केला, तर लोकांत तिच्यावर विनोद होऊ लागले. त्याच वर्षी त्याने स्वीकारलेला ‘विजय’ हा सर्वोच्च लष्करी सन्मान त्याच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये काढून घेण्यात आला.