७. वधस्तंभ व पुनरुत्थान
नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने मराठी कवी नारायण वामन टिळकांच्या हाती जो ‘नवा करार’ ठेविला, त्याचा गाभा येशूचा वधस्तंभ व पुनरुत्थान हाच होय. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकुमाने, इ. स. ३० च्या सुमारास, यरुशलेमेत येशूला क्रूसावर खिळून मारण्यात आले. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हा मृत्यू म्हणजे मनुष्यमात्राच्या पापाचे प्रायश्चित्त एका निष्पापाने स्वेच्छेने आपल्या शिरी घेणे, आणि तिसऱ्या दिवशीचे उठणे म्हणजे त्यावर ईश्वराने केलेले शिक्कामोर्तब. हा पुनर्जन्म नव्हे. तोच देह, मृत्यूची सत्ता कायमची झुगारून, तेजोमय होऊन उठला, आणि आपणही तसेच उठू, असा भाविकांचा दृढ विश्वास आहे. पुढे टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.