खोट्या इशाऱ्यांचा इतिहास : नेटवर्क-देखरेख आणि रबाळे परिसर

प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे रबाळे हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रात येते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने या पट्ट्यात रसायने व अभियांत्रिकी उद्योगांना जागा दिली. एकविसाव्या शतकात येथेच माहिती केंद्रे, म्हणजे डेटा सेंटर्स, उभी राहिली. सिफी कंपनीचे संकुल रबाळे येथे आहे. कारखान्यात बिघाडाची चाहूल आवाजाने, वासाने वा उष्णतेने लागते. नेटवर्कमधील बिघाड मात्र पडद्यावरील इशाऱ्यावरूनच कळतो. म्हणून तो इशारा खरा की खोटा, हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. त्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला असता असे दिसते की, पुष्कळसे खोटे इशारे यंत्राच्या बिघाडातून नव्हे, तर मोजमापाच्या जुन्या गृहीतकांतून जन्मले.

मोजमापाची मूळ चौकट

राऊटर वा स्विचच्या ज्या द्वारातून माहितीची ये-जा होते, त्यास इंटरफेस म्हणतात. अशा उपकरणांची दुरून विचारपूस करण्यासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी ही संवादपद्धती प्रसिद्ध झाली. १९९१ च्या एमआयबी-२ या प्रमाणकात प्रत्येक इंटरफेससाठी एक क्रमांक, चालू-बंद स्थिती आणि आत-बाहेर गेलेल्या बाइट्सचे ३२ बिटांचे गणक निश्चित झाले होते. असा गणक सुमारे ४२९ कोटी ४९ लाखांपर्यंत मोजतो व पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पूर्ण भाराने चालणाऱ्या १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर या फेऱ्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात; १०० मेगाबिटला पावणेसहा मिनिटे, तर एक गिगाबिटला अवघी ३४ सेकंद.

१९९५ मध्ये विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी तोबियास ओटिकर यांची एमआरटीजी ही आलेखप्रणाली सर्वांसाठी खुली झाली. ती साधारणतः दर पाच मिनिटांनी गणक वाचत असे. वेग वाढताच दोन वाचनांच्या दरम्यान गणकाचे अनेक फेरे होऊ लागले आणि भरधाव वाहतूक आलेखात रोडावलेली दिसू लागली.

खोट्या इशाऱ्यांचे प्रकार व उपाय

उपकरण पुन्हा सुरू झाले की गणक शून्यावर जातो. देखरेख करणारी प्रणाली तो नेहमीचा फेरा समजते व वाहतुकीत अशक्यप्राय उसळी दाखवते. यासाठी उपकरण किती काळ चालू आहे हे तपासावे लागते. परंतु तो काळही सेकंदाच्या शतांशात, ३२ बिटांतच मोजला जातो. सुमारे ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो आणि न घडलेल्या पुनरारंभाचा इशारा मिळतो.

उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर इंटरफेसचे क्रमांकही बदलू शकतात. मग एकाचा दोष दुसऱ्याच्या नावे नोंदला जातो. शिवाय एसएनएमपीचे संदेश बहुधा पोच न घेणाऱ्या यूडीपी पद्धतीने जातात. एखादे उत्तर वाटेत हरवले, तरी धडधाकट उपकरण बंद पडल्याचे भासते.

उपायही क्रमाक्रमाने आले. १९९० च्या दशकातील सुधारित प्रमाणकांनी वेगवान जोडण्यांसाठी ६४ बिटांचे गणक आणि इंटरफेसला क्रमांकाखेरीज नाव दिले. १९९९ मध्ये आलेल्या व पुढे नागिओस या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीत फेरतपासणीनंतरच दोष पक्का मानण्याची, तसेच उपकरण बंद असणे आणि त्याच्यापर्यंतची वाट बंद असणे यांत भेद करण्याची सोय झाली.

समारोप

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागांतील वीजपुरवठा खंडित झाला. अशा दिवशी खऱ्या इशाऱ्यांचा ओघ सुरू होतो आणि रात्रंदिवस पाळीवर बसणाऱ्या तंत्रज्ञाने प्रत्येकाची दखल घ्यावी, अशी अपेक्षा असते. परंतु महिनोन्महिने 'लांडगा आला रे आला' ऐकलेल्या माणसाचा इशाऱ्यावरील विश्वास आधीच उडालेला असतो. खोट्या इशाऱ्याची खरी हानी ती हीच. त्रासदायक इशारा बंद करून टाकणे हा सोपा मार्ग खरा. पण त्यामुळे त्यामागील चुकीचे गृहीतक अबाधित राहते. इशारा कोणत्या मोजमापावर उभा आहे, ते मोजमाप कोणत्या वेगासाठी व कोणत्या काळी ठरले, हे विचारणे म्हणजेच दोषशोधन होय. या अर्थाने नेटवर्कच्या तंत्रज्ञालाही साधनांचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.